फास रिसेप्टर आहे तरी टी-सेल मरत नाहीये? ॲनेक्सिन-पीआयने मरण मोजायची पद्धत, खाचाखोचांसकट

इम्युनॉलॉजीत नव्याने हात घातलेल्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो: फ्लोवर (फ्लो सायटोमीटर, एकेक सेल लेझरसमोरून नेऊन मोजणारं मशीन) बघितलं तर जवळजवळ सगळ्या सेल्सवर फास, म्हणजे सेलला मरायचा सिग्नल देणारा रिसेप्टर, दिसतोय, मग अँटीबॉडी घातली तरी मरत का नाहीयेत, अँटीबॉडी खराब आली का? खराब असूही शकते, पण बहुतेक वेळा घोळ प्रश्नातच असतो. सेलच्या पृष्ठभागावर रिसेप्टर असणं आणि त्या रिसेप्टरमुळे सेल मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्याच मोजाव्या लागतात. दारावर बेल आहे म्हणून घरात दार उघडायला कोणी आहे असं होत नाही. म्हणून खाली जी पद्धत सांगतेय त्यात आधी पृष्ठभाग मोजायचा, मग ॲनेक्सिन व्ही हे प्रोटीन आणि पीआय (प्रॉपिडियम आयोडाइड) हा डाय वापरून मरण मोजायचं, आणि मधे कोणी अडवतंय का ते वेगळं तपासायचं. एमएस्सीचं प्रोजेक्ट असेल किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष, एवढं नीट जमलं की पुढचं बरंच सोपं जातं.

थोडी पार्श्वभूमी, कंटाळा करू नका, कंट्रोल्स कशासाठी ते यातूनच कळतं. १९८९ साली जपानमध्ये योनेहारा आणि जर्मनीत हायडेलबर्गला क्रामर यांच्या गटाने स्वतंत्रपणे अशा अँटीबॉडीज बनवल्या की ज्या सेलवर नुसत्या चिकटल्या तरी सेल मरायचे. एकाने त्या रेणूला फास म्हटलं, दुसऱ्याने एपीओ-१, आणि पुढे दोन्ही एकच निघाले, आता सीडी९५ म्हणतात. १९९१ मध्ये नागाता यांच्या गटाने त्याचा जीन क्लोन केला, १९९३ मध्ये त्याचा जोडीदार फास लिगँड. मधल्या काळात एक मजेशीर धागा जुळला. एलपीआर नावाचे उंदीर असतात, त्यांच्या लसिका गाठी आणि प्लीहा सुजतात, ल्युपससारखा आजार होतो, आणि कारण वर्षानुवर्षं माहीत नव्हतं. १९९२ मध्ये कळलं की त्यांचा फासचाच जीन बिघडलेला आहे. दोन वर्षांनी तशाच दुसऱ्या, जीएलडी उंदरात फास लिगँड बिघडलेला सापडला. म्हणजे टी-सेल्सनी काम झाल्यावर मरायचं असतं, ते मेले नाहीत तर साठत जातात आणि घरच्यांवरच उलटतात.

यावर लोकांना लगेच वाटलं की कॅन्सरवर औषध सापडलं, फास वाजवा आणि ट्यूमर मारा. १९९३ मध्ये उंदरांना फासविरोधी अँटीबॉडी टोचून बघितली तर काही तासांत उंदीरच गेले, कारण यकृताच्या पेशींवरही भरपूर फास असतो. तेव्हापासून सगळे जरा सांभाळून बोलतात.

आता आत काय होतं ते. फास एकटा नसतो, तीन-तीनच्या जुडीत असतो. लिगँड बसला की त्याच्या शेपटीतला डेथ डोमेन नावाचा साधारण ८० अमिनो आम्लांचा तुकडा एफएडीडी या प्रोटीनला धरतो, एफएडीडी प्रोकॅस्पेज-८ ला धरतो (कॅस्पेज म्हणजे मरताना सेलमधली प्रोटीन्स कापणारी एन्झाइम्स, प्रो म्हणजे त्यांचं झोपलेलं रूप), आणि हे सगळं मिळून जे तयार होतं त्याला डिस्क म्हणतात. तिथे कॅस्पेज-८ जागा होतो. आणि नेमकं इथेच सी-फ्लिप नावाचं प्रोटीन जागा अडवून बसू शकतं, मग कॅस्पेज-८ पूर्ण सुरूच होत नाही. पुढे दोन वाटा. काही सेल्समध्ये कॅस्पेज-८ थेट कॅस्पेज-३ ला कापून सुरू करतो, त्यांना टाइप वन म्हणतात. काहींमध्ये तेवढा जोर पुरत नाही, मग बिड नावाचं प्रोटीन कापून मायटोकाँड्रियाला मध्ये घ्यावं लागतं, ते टाइप टू. आपण वापरणार ते जर्काट सेल्स (मानवी टी-सेल ल्युकेमियाची लाईन) टाइप टू आहेत, म्हणून त्यांच्यात मायटोकाँड्रियाजवळ मरण अडवणारं बीसीएल-एक्सएल हे प्रोटीन वाढवलं की फास वाजूनही ते वाचतात. हे डोक्यात ठेवा, कारण मग "फास आहे पण मरत नाही" याची निदान तीन-चार उत्तरं आत्ताच तयार झाली: डिस्क बनत नसेल, सी-फ्लिप जास्त असेल, मायटोकाँड्रियाजवळ कोणी अडवत असेल, किंवा फासची शेपटीच बिघडलेली असेल.

शेवटची शक्यता पुस्तकी वाटते पण माणसांत ती खरोखर सापडते. एएलपीएस नावाचा आजार आहे, लहान मुलांमध्ये लसिका गाठी आणि प्लीहा वाढतात, रक्तपेशींवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, आणि सीडी४ही नाही सीडी८ही नाही असे टी-सेल्स रक्तात वाढलेले दिसतात. १९९५ मध्ये यात फासचे म्युटेशन सापडले. बऱ्याच रुग्णांत दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असते, डेथ डोमेनमध्ये, आणि पृष्ठभागावर फास अगदी नॉर्मल दिसतो! पण तीनच्या जुडीत एक जरी बिघडलेला घुसला तरी सगळी जुडी निकामी. नुसतं स्टेनिंग करून रिपोर्ट दिला असता तर "सगळं ठीक" असा गेला असता.

चला, कामाला लागू.

सेल्स

सुरुवात जर्काटनेच करा, ई६-१ क्लोन मिळाला तर उत्तम. पुण्यात एनसीसीएसची (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सेल रिपॉझिटरी आहे, देशभरातल्या लॅब्ज तिथून लाईन्स मागवतात, आणि शेजारच्या लॅबच्या फ्रीझरमधली कोणी कधी गोठवली माहीत नसलेली व्हायल उचलण्यापेक्षा रीतसर मागवणं कधीही चांगलं. आरपीएमआय-१६४० मध्ये १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम), ३७ डिग्री, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. थॉ केल्यावर लगेच प्रयोग नको, निदान आठवडाभर वाढू द्या, एक-दोनदा स्प्लिट होऊ द्या. मिलिलिटरला १ लाख ते १० लाख या पट्ट्यात ठेवा. शुक्रवारी स्प्लिट न करता घरी गेलं की सोमवारी मीडिया पिवळा पडलेला असतो, त्या सेल्सवर प्रयोग करू नका, त्यात आधीच बरेच मरायला टेकलेले असतात आणि तुमचा अनट्रीटेड कंट्रोलच २५-३० टक्के ॲनेक्सिन पॉझिटिव्ह येतो. प्रयोगाच्या दिवशी ट्रायपॅन ब्लूने (मेलेल्या सेल्सनाच निळं करणारा डाय) मोजा, ९५ टक्क्यांच्या वर जिवंत असतील तरच पुढे. मायकोप्लाझ्माची टेस्ट नियमित करा, हे सगळे सांगतात आणि फार कमी लोक करतात. आणि पॅसेज (किती वेळा स्प्लिट केलं तो आकडा) फार वर गेला की लाईनचा स्वभाव बदलतो, त्यामुळे सुरुवातीलाच भरपूर व्हायल्स गोठवून ठेवा.

आधी पृष्ठभाग

ट्रीटमेंटच्या आधी, म्हणजे शून्य तासाला, थोडे सेल्स वेगळे काढून फासचं स्टेनिंग करा. डीएक्स२ हा क्लोन यासाठी सर्रास वापरतात, उंदराचा आयजीजी१ आहे, एपीसी रंगात घेतला तर पुढे ॲनेक्सिनवरच्या फिटसी रंगाच्या आणि पीआयच्या वाटेत येत नाही. आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण फासला न चिकटणारी अँटीबॉडी) त्याच कंपनीचा त्याच रंगातला हवा. हे शून्य तासालाच का? कारण मारणारी अँटीबॉडी एकदा फासवर बसली की त्याच रेणूवर स्टेनिंगची अँटीबॉडी बसायला जागा मिळेलच असं नाही, शिवाय रिसेप्टर आतही ओढला जातो, मग सहा तासांनी बघून "फास कमी झाला" असं लिहाल आणि ते बिनबुडाचं असेल. आणि नुसते टक्के लिहू नका, मीडियन फ्लोरेसन्स लिहा. ९५ टक्के पॉझिटिव्ह आणि ९५ टक्के पॉझिटिव्ह यांच्यात दहापट फरक असू शकतो.

मारायचं कशाने

मानवी सेल्ससाठी सीएच११ ही जुनी, भरवशाची अँटीबॉडी. ती आयजीएम आहे, आणि तिचं यश यातच आहे: आयजीएमला बरेच हात असल्यामुळे ती एकाच वेळी अनेक फास एकत्र खेचते. साधी आयजीजी घेतली तर ती बसते खरी पण पुरेसं एकत्र आणत नाही, मग वरून सेकंडरी अँटीबॉडीने बांधावी लागते. झेडबी४ ही तर फासवर बसते आणि उलट त्याला बंद करते. कॅटलॉगमध्ये सीएच११ आणि झेडबी४, दोन्हींच्या नावापुढे "अँटी-फास" एवढंच दिसतं, त्यामुळे ऑर्डर करताना क्लोन वाचा, टारगेट नको. हीच गोष्ट लिगँडची. सेलच्या पृष्ठभागावर बसलेला फास लिगँड जोरात मारतो, पण मेटॅलोप्रोटिएजने कापून सुटा झालेला फारसा मारत नाही. म्हणून रिकॉम्बिनंट लिगँड घेतलात तर त्याला क्रॉसलिंक करायची सोय सोबत आहे ना ते बघा.

आणखी एक बारीक गोष्ट: बाटलीत सोडियम अझाइड आहे का ते लेबलवर बघा. अझाइड स्वतःच सेल्सना त्रास देतो, मग मारलं कोणी, फासने की प्रिझर्व्हेटिव्हने? अझाइड-फ्री घ्या.

डोस स्वतः टायट्रेट करायचा. १०, ३०, १००, ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी शिडी लावा. चांगल्या अवस्थेतले जर्काट साधारण १०० च्या आसपास स्पष्ट प्रतिसाद देतात, पण लॉट टू लॉट फरक पडतो, त्यामुळे पेपरमधला आकडा उचलून चिकटवू नका. २४ वेलच्या प्लेटमध्ये वेलला ५ लाख सेल्स, १ मिली मीडिया.

कंट्रोल्स

इथे कंजूषपणा करू नका, अर्धा रिव्ह्यू इथेच अडकतो. लागणार ते असं: काहीच न घातलेले सेल्स, तेवढ्याच डोसचा आयजीएम आयसोटाइप, सीएच११, सीएच११ च्या आधी झेडबी४ अर्धा-एक तास, आणि सीएच११ च्या आधी झेड-व्हीएडी-एफएमके (कॅस्पेज बंद करणारं रसायन) २० मायक्रोमोलर, तेही अर्धा-एक तास आधी. झेड-व्हीएडी डीएमएसओमध्ये असतो म्हणून तेवढाच डीएमएसओ घातलेली एक वेल वेगळी. पॉझिटिव्ह कंट्रोलला स्टॉरोस्पोरिन (सेल्सना हमखास मारणारं रसायन) १ मायक्रोमोलर, चार तास. स्टॉरोस्पोरिनला फासची गरज नाही, त्यामुळे तुमचे सेल्स सीएच११ ने मरत नाहीत पण स्टॉरोस्पोरिनने मरतात असं दिसलं, तर मरणाची यंत्रणा शाबूत आहे आणि अडचण वरच्या बाजूला आहे हे लगेच कळतं. दोन्हीने मरत नसतील तर अडचण खाली आहे, किंवा स्टेनिंगच गंडलंय.

झेड-व्हीएडीबद्दल एक इशारा. कॅस्पेज बंद केले म्हणजे सेल वाचलाच असं नाही. २००० साली दाखवलं गेलं की कॅस्पेज-८ नसताना फास आरआयपी नावाच्या कायनेजच्या वाटेने सेल मारू शकतो, आज त्याला नेक्रॉप्टोसिस म्हणतात. म्हणून झेड-व्हीएडीच्या वेलमध्ये काही तासांनी ॲनेक्सिन खाली पण रात्रभर ठेवल्यावर पीआय वर असं दिसलं तर गोंधळू नका, नेक्रोस्टॅटिन-१ (त्या कायनेजला अडवणारं रसायन) घालून परत बघा.

वेळ

एकाच वेळेला मोजून निष्कर्ष काढू नका. ०, २, ४, ६ आणि १६ तास, निदान पहिल्यांदा तरी. चार तासांच्या सुमारास प्लेट साध्या इनव्हर्टेड मायक्रोस्कोपखाली ठेवून बघा, खरंच बघा, नुसतं फ्लोच्या भरवशावर राहू नका. निरोगी जर्काट गोल, चकचकीत, पुंजक्यांत असतात. मरायला लागलेल्याच्या कडेला आधी एक फुगा येतो, मग दुसरा, मग सगळ्या बाजूंनी, जणू उकळी फुटतेय, आणि सेल आक्रसत जातो. हे दिसलं म्हणजे ॲनेक्सिन येणार हे समजून चाला. १६ तासांनी बघितलं तर बरेच तुकडे झालेले असतात आणि सगळेच डबल पॉझिटिव्ह दिसतात. जिवंत शरीरात मॅक्रोफेज असे सेल्स केव्हाच गिळून टाकतात, प्लेटमध्ये गिळायला कोणी नसतं म्हणून ते शेवटी फुटतात.

स्टेनिंग

ॲनेक्सिन व्ही कशाला चिकटतो? फॉस्फेटिडिलसेरीन या लिपिडला, जो निरोगी सेलमध्ये पटलाच्या आतल्या बाजूला असतो. आत ठेवायचं काम एटीपी११सी नावाचा फ्लिपेज करत असतो. कॅस्पेज-३ जागा झाला की फ्लिपेजला कापून बंद करतो आणि एक्सकेआर८ नावाच्या स्क्रँब्लेजला कापून सुरू करतो, मग लिपिड बाहेर येतं आणि मॅक्रोफेजला खुणावतं की मला खा. याच्या उलट, जिवंत सेलवर सीडी४७ असतो जो मॅक्रोफेजच्या सर्प-अल्फा या रिसेप्टरला सांगतो की खाऊ नकोस. म्हणजे मेल्यावर कोणी उचलायचं हेसुद्धा पृष्ठभागावरच ठरतं. पीआय मात्र साधा डाय आहे, पटल फाटल्याशिवाय आत जात नाही, गेला की डीएनएला बसतो.

ॲनेक्सिनला कॅल्शियम लागतं. हे वाक्य लॅबच्या फ्रीजवर चिकटवून ठेवा. फ्लोच्या नेहमीच्या बफरमध्ये ईडीटीए असतो, तो कॅल्शियम ओढून घेतो, आणि सगळी मेहनत पाण्यात. बाइंडिंग बफर असा: १० मिलिमोलर हेपीस पीएच ७.४, १४० मिलिमोलर मीठ, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड. फॉस्फेटच्या बफरमध्ये कॅल्शियम घालायला जाऊ नका, साका बसतो.

वेलमधले सगळे सेल्स घ्या, सुपरनॅटंटसकट, कारण मरणारे सेल्स त्यातही तरंगत असतात. ३०० जीवर ५ मिनिटं स्पिन, थंड पीबीएसने एकदा धुवा, मग बाइंडिंग बफरमध्ये मिलिलिटरला १० लाख या हिशोबाने घ्या. १०० मायक्रोलिटर ट्यूबमध्ये, ५ मायक्रोलिटर ॲनेक्सिन-फिटसी, ५ मायक्रोलिटर पीआय (५० मायक्रोग्रॅम प्रति मिलीचा स्टॉक असेल तर), हलक्या हाताने मिसळा. व्होर्टेक्स नको, मरणाऱ्या सेलचं पटल आधीच नाजूक झालेलं असतं आणि व्होर्टेक्सने तुम्हीच ते फाडाल. अंधारात, रूम टेंपरेचरला १५ मिनिटं. मे महिन्यात एसी बंद असेल तर रूम टेंपरेचर म्हणजे ३६ डिग्री होऊ शकतं, प्रोटोकॉलमधलं रूम टेंपरेचर २०-२५ आहे हे लक्षात असू द्या. नंतर ४०० मायक्रोलिटर बाइंडिंग बफर, आता धुवायचं नाही, आणि तासाभराच्या आत मशीनवर. म्हणून फ्लोचा स्लॉट आधी बुक करा आणि मग टाइम पॉइंट मागे मोजत आखा, उलटं करू नका.

पीआय म्युटाजेन असू शकतो, ग्लोव्ह्ज घाला.

मशीनवर

चार ट्यूब्ज कॉम्पेन्सेशनसाठी (एका रंगाची दुसऱ्याच्या चॅनेलमध्ये होणारी गळती वजा करण्यासाठी): अनस्टेन्ड, फक्त ॲनेक्सिन, फक्त पीआय, आणि दोन्ही. सिंगल स्टेनला स्टॉरोस्पोरिनवाले सेल्स वापरा, जिवंत सेल्सवर काही उजळणारच नाही तर कॉम्पेन्सेशन कशावर लावणार? मशीनमध्ये पीआय एफएल२ चॅनेलऐवजी एफएल३ मध्ये घेतलात तर फिटसीची गळती कमी त्रास देते.

आता सगळ्यात जास्त ठेच लागते ती जागा, गेट, म्हणजे प्लॉटवर कोणते सेल्स मोजायचे ते ठरवणारं कुंपण. फॉरवर्ड (सेल केवढा) आणि साइड स्कॅटरवर (आत किती दाट) सवयीने सगळे मधल्या गुबगुबीत ढगाभोवती गेट काढतात आणि डावीकडचं सगळं "डेब्री" म्हणून सोडून देतात. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे कॅस्पेजच्या वाटेने होणाऱ्या मरणात, सेल आक्रसतो, म्हणजे फॉरवर्ड स्कॅटर कमी होतो, आणि आतलं सगळं घट्ट झाल्यामुळे साइड स्कॅटर वाढतो, म्हणजे तुम्हाला हवेत तेच सेल्स डावीकडे वर सरकतात आणि तुम्ही त्यांनाच हाकलता. मग निष्कर्ष: "सेल्स मरत नाहीत." गेट मोठं काढा, अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यातली खरीखुरी कचरपट्टी तेवढी सोडा, आणि स्टॉरोस्पोरिनची ट्यूब चालवून ते सेल्स गेटमध्ये येतायत ना ते बघा. तेच गेट सगळ्या ट्यूब्जना. निदान १०,००० इव्हेंट्स.

डॉट प्लॉटवर ॲनेक्सिन आडवा, पीआय उभा. खाली डावीकडे जिवंत, खाली उजवीकडे ॲनेक्सिन पॉझिटिव्ह पण पटल शाबूत, वर उजवीकडे दोन्ही. टाइम पॉइंट्स एकाशेजारी एक लावले की ढग आधी उजवीकडे सरकतो आणि मग वर चढतो, ही हालचाल दिसणं हाच खरा पुरावा. एकट्या सोळा तासांच्या प्लॉटवर वरचा उजवा कोपरा भरलेला असेल तर सेल अपॉप्टोसिसने मेला की नेक्रॉप्टोसिसने की तुमच्या पिपेटने, काहीच सांगता येत नाही. नेक्रॉप्टोसिसमध्येही पटल फाटायच्या आधी ते लिपिड बाहेर येऊ शकतं, आणि ॲक्टिव्हेट झालेले काही टी-सेल्स तर मरत नसतानाही थोडा वेळ ते बाहेर दाखवतात. त्यामुळे "लवकरचा अपॉप्टोसिस" असं लिहायच्या आधी झेड-व्हीएडीची ट्यूब बघा किंवा कापलेल्या कॅस्पेज-३ चं स्टेनिंग जोडा.

आकडा असा काढा: ट्रीटेडमधले मेलेले टक्के वजा आपोआप (म्हणजे अनट्रीटेडमध्ये) मेलेले, भागिले १०० वजा आपोआप मेलेले, गुणिले १००. अनट्रीटेड ८ आणि सीएच११ मध्ये ५४ असेल तर ४६ भागिले ९२, म्हणजे ५० टक्के. अनट्रीटेड ३० असेल आणि सीएच११ मध्ये तेच ५४, तर उरतात जेमतेम ३४ टक्के. म्हणून वर सोमवारच्या पिवळ्या मीडियाचं एवढं पुराण लावलं.

खऱ्या टी-सेल्सवर

जर्काट जमले की रक्तातल्या सेल्सवर या, खरी गंमत तिथे आहे. डोनरची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी आधी, बीएसएल-२ चे नियम, मग १.०७७ घनतेच्या फायकॉलवर पीबीएमसी (टी-सेल्स ज्यात असतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) वेगळे करा. टी-सेल्सना जागं करायला पीएचए १ मायक्रोग्रॅम प्रति मिली रात्रभर, सकाळी धुवून आयएल-२ मध्ये, २५ ते १०० युनिट प्रति मिली, पाच-सहा दिवस. एक वाटा पहिल्या दिवशी तपासा, दुसरा सहाव्या दिवशी.

दोन्ही दिवशी फास दिसतो. पहिल्या दिवसाचे सेल्स सीएच११ ला दाद देत नाहीत, सहाव्या दिवसाचे धडाधड मरतात. पहिल्या दिवशी कॅस्पेज-८ डिस्कमध्ये येऊन नीट कामालाच लागत नाही. आणि आयएल-२, ज्याला आपण वाढवणारा म्हणून घालतो, तोच सी-फ्लिप खाली आणतो आणि फास लिगँड वर नेतो, म्हणजे वाढवता वाढवता मरणाचीही तयारी करून ठेवतो. शरीराच्या दृष्टीने बरोबरच आहे, इन्फेक्शनशी लढायला निघालेला सेल पहिल्याच दिवशी मरून कसं चालेल.

पुढची पायरी, सीएच११ अजिबात न घालता सहाव्या दिवसाचे सेल्स ओकेटी३ ने (टी-सेल रिसेप्टरसोबतच्या सीडी३ ला वाजवणारी अँटीबॉडी) कोट केलेल्या प्लेटवर टाका. सीडी३ परत वाजला की ते स्वतःच फास लिगँड बनवतात आणि स्वतःला, शेजाऱ्याला मारतात. हे १९९५ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी दाखवलं. इथे झेडबी४ ची वेल लावलीच पाहिजे. झेडबी४ ने मरण थांबलं तर फास, नाही थांबलं तर दुसरं काहीतरी.

दुसरं काय? शेजारच्या वेलमध्ये नुसता आयएल-२ काढून घ्या. एक-दोन दिवसांत ते सेल्सही मरतात, पण झेडबी४ ला जुमानत नाहीत, कारण हे मरण कोणी मारल्यामुळे नाही, जगवणारा सिग्नल गेल्यामुळे आहे, बिम या मारणाऱ्या प्रोटीनच्या आणि मायटोकाँड्रियाच्या वाटेने. नाइव्ह (अजून कधी ॲक्टिव्हेट न झालेल्या) टी-सेल्सना असं जगवायचं काम आयएल-७ करतो, त्याच्या रिसेप्टरचा सीडी१२७ नावाचा भाग पृष्ठभागावर असतो आणि आत बीसीएल-२ हे वाचवणारं प्रोटीन टिकून राहतं. सीडी२८ वाजला तर बीसीएल-एक्सएल वाढतं. म्हणून प्लेटवर सीडी३ सोबत सीडी२८ ची अँटीबॉडीही कोट केली की निकाल बदलू शकतो, आणि दोन लॅब्जचे आकडे जुळत नाहीत तेव्हा मी आधी विचारते की सीडी२८ होतं का.

नावांवरून फसू नका एवढं सांगते. टीएनएफआर१ ला डेथ डोमेन आहे, तरी जर्काटवर नुसता टीएनएफ घातला तर फारसं कोणी मरत नाही, कारण तो आधी एनएफ-कप्पा-बी सुरू करून सेलला वाचवतो, मारायला सायक्लोहेक्झिमाइडसारखं नवीन प्रोटीन बनणं थांबवणारं काहीतरी सोबत लागतं. आणि पीडी-१, होंजो यांच्या गटाने १९९२ मध्ये शोधला, नावातच डेथ, पण त्याला डेथ डोमेन नाही, तो सीडी२८ चा आणि टी-सेल रिसेप्टरचा सिग्नल दाबणारा ब्रेक आहे. "पीडी-१ पॉझिटिव्ह म्हणजे मरणारे सेल्स" असं स्लाइडवर लिहिलेलं मी अजून बघते. मरणारे असतील तर ॲनेक्सिन दाखवा, मग बोलू.

प्रायमरी सेल्समध्ये डोनरगणिक फरक खूप पडतो, त्यामुळे एका डोनरच्या तीन वेल्स म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. निदान तीन वेगवेगळे डोनर घ्या, प्रत्येकाचा स्वतःचा अनट्रीटेड कंट्रोल धरा आणि जोडीने तुलना करा. सगळ्या डोनरचे आकडे एकत्र कालवून सरासरी काढली तर खरा परिणामही त्यात बुडून जातो.

सगळं झाल्यावर फ्लोची लाईन ब्लीचने आणि मग डिस्टिल्ड वॉटरने नीट धुवा, पीआय ट्यूबिंगला चिकटून राहतो आणि तुमच्यानंतर स्लॉट असलेल्याच्या निगेटिव्ह ट्यूबमध्ये उगवतो. रक्ताच्या ट्यूब्ज आणि टिप्स बायोमेडिकल वेस्टच्या ठरलेल्या पिशव्यांत. आणि फ्लोच्या डेटाच्या एफसीएस फाइल्स त्याच दिवशी पेनड्राइव्हवर न ठेवता सर्व्हरवर टाका, क्लोन नंबर, लॉट नंबर, पॅसेज आणि शून्य तासाची फासची मीडियन व्हॅल्यू फाइलच्या नावाशेजारी नोटबुकात लिहून.